रीसेलमध्ये स्नीकर घेताना: बूट खरा आहे, पण कुणाचा?

रीसेलच्या, म्हणजे घेतलेले बूट पुन्हा विकण्याच्या बाजारात नवा माणूस आला की त्याला पहिला धडा मिळतो तो नकली माल ओळखण्याचा. शिलाई बघा, टाचेचा आकार बघा, खोक्यावरच्या लेबलची छपाई बघा, गोंदाचा वास घ्या. हे सगळं शिकायलाच हवं, पण त्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: बूट कंपनीने बनवलेला आहे का? चोरीचा बूट या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो, कारण तो अस्सलच असतो. मालगाडीतून, दुकानाच्या गोदामातून किंवा कुणाच्या दारातून उचललेला जोड आणि रीतसर बिलावर घेतलेला जोड हातात घेतल्यावर सारखेच लागतात.

म्हणून हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे: विकणाऱ्याकडे हा जोड आला कुठून? तुम्ही पहिल्यांदाच महागडा जोड रीसेलमध्ये घेत असाल तर खालच्या क्रमाने जा. स्वतःचे जोड कसे सांभाळायचे आणि चोरीला गेले तर काय करायचं, तेही पुढे आहे.

आधी थोडं बाजाराबद्दल

कंपन्या काही मॉडेल मुद्दाम थोडीच काढतात आणि त्यांची किंमत मागणीच्या मानाने कमी ठेवतात. दुकानातली किंमत आणि लोक प्रत्यक्षात द्यायला तयार असलेली किंमत यांच्यातल्या फटीत रीसेलचा सगळा धंदा उभा आहे. १९८५ मध्ये नायकीचा पहिला एअर जॉर्डन ६५ डॉलरला आला होता. तेव्हाचे चांगल्या अवस्थेतले जोड आज संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात. चोरालाही हीच फट दिसते.

शिवाय बूट चोराला फार सोयीचा पडतो. फोन चोरला तर त्याला कुलूप असतं आणि आयएमईआय हा प्रत्येक फोनचा वेगळा क्रमांक असतो. गाडीला चासी क्रमांक असतो. बुटाच्या खोक्यावर बारकोड असतो खरा, पण एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच मापाच्या सगळ्या जोडांवर तो एकच असतो. म्हणजे बारकोड स्कॅन करून ‘हा नायकीचा अमुक बूट, माप नऊ’ एवढं कळतं. ‘हा त्या चोरीतला जोड’ हे कधीच कळत नाही. नवे लोक बारकोड जुळला की निश्चिंत होतात, आणि चोरीच्या बाबतीत त्या जुळण्याला काहीही अर्थ नसतो.

माल येतो साधारण चार वाटांनी. पहिली वाट वाहतुकीची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चोरांनी बीएनएसएफ या रेल्वे कंपनीच्या मालगाडीची एअर ब्रेकची नळी कापून गाडी थांबवली आणि नायकीचे १९०० हून अधिक जोड लांबवले. किंमत ४ लाख ४० हजार डॉलरच्या वर होती, आणि ते बूट अजून बाजारात आलेलेही नव्हते. दुसरी वाट दुकानाची: घरफोडीसारखी चोरी, किंवा आतल्याच माणसाने विक्री सुरू होण्याआधी मागच्या दाराने माल काढणं. या दुसऱ्या प्रकाराला या धंद्यात ‘बॅकडोर’ म्हणतात आणि अनेकजण तो इतका गृहीत धरतात की त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नाही. तिसरी वाट ऑनलाइन फसवणुकीची: चोरलेल्या कार्डावर किंवा दुसऱ्याच्या खात्यात शिरून केलेली खरेदी. चौथी थेट माणसाकडून: दारातलं पार्सल, जिमचा लॉकर, गाडीची काच, किंवा रस्त्यात अडवून.

सगळेच चोर हुशार असतात असं नाही. २०२३ मध्ये पेरूमधल्या हुआन्कायो शहरात चोरांनी एका दुकानातून दोनशेहून अधिक बूट पळवले आणि ते सगळे उजव्या पायाचे निघाले. यातूनही एक गोष्ट शिकता येते, ती पुढे येईल.

पायरी १: किंमत आधी स्वतः काढा

विक्रेत्याशी बोलण्याआधी तुमच्या मापाचा तो जोड अलीकडे कितीला विकला गेला ते शोधा. मागितलेली किंमत बघू नका. मागायला कुणी काहीही मागतो. झालेल्या सौद्यांची किंमत बघा, आणि तीही तुमच्याच मापाची, कारण एकाच मॉडेलच्या दोन मापांच्या भावात बराच फरक असू शकतो. नवा, एकदोनदा घातलेला आणि बऱ्यापैकी वापरलेला असे तीन भाव मनात ठेवा.

मग समोरची जाहिरात त्यापेक्षा खूप स्वस्त दिसली तर कारण विचारा. खरी कारणं असतात: खोकं हरवलेलं, माप विचित्र, पैशांची निकड, किंवा विक्रेत्याला भावच माहीत नाही. पण ‘न वापरलेला, खोक्यासकट, आजच न्या, निम्म्या किमतीत’ याला सहसा दोनच कारणं असतात, आणि त्यातलं एक म्हणजे माल नकली असणं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. बाजार माहीत असलेला चोर पूर्ण भाव मागतो. त्यामुळे पूर्ण किंमत मोजली म्हणून माल स्वच्छ झाला असं होत नाही.

पायरी २: विक्रीची तारीख तपासा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यातून सर्वात जास्त कळतं. मॉडेल अधिकृतपणे कधी विकायला आलं किंवा येणार आहे ते बघा. त्या तारखेच्या आधीच कुणी जोड विकत असेल, तर तो कारखाना, गोदाम, वाहतूक किंवा दुकान यांपैकी कुठूनतरी वेळेआधी बाहेर पडला आहे. क्वचित त्याला निर्दोष कारण असतं. कंपनीने कुणाला भेट दिलेली असते, किंवा दुसऱ्या देशात आधी विक्री झालेली असते. पण नव्या माणसाला ही कारणं पारखता येत नाहीत. सरळ नियम करा: तारखेआधीचा जोड घ्यायचा नाही. ‘सगळ्यांच्या आधी माझ्या पायात’ या हौसेवर चोरीचा बराच माल खपतो.

पायरी ३: विक्रेत्याला प्रश्न विचारा

खातं किती जुनं आहे, आधी काय विकलं आहे, घेणाऱ्यांनी काय लिहिलं आहे, हे बघणं झालंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाचा माल त्याच्या कहाणीशी जुळतो का. ‘स्वतःसाठी घेतला, मापात बसला नाही’ म्हणणाऱ्याकडे त्याच बुटाची सहा मापं असतील तर कहाणी फसली. एकाच मॉडेलची पूर्ण मापमालिका दुकानाकडे असते किंवा नोंदणी केलेल्या मोठ्या रीसेलरकडे. तसा रीसेलर असेल तर तो बिल देतो, लपतछपत नाही. अमेरिकेत तर जून २०२३ पासून कायदाच आहे की १२ महिन्यांत २०० किंवा अधिक नवे नग विकून ५००० डॉलर किंवा अधिक कमावणाऱ्या विक्रेत्याची ओळख ऑनलाइन बाजारपेठेने तपासून घ्यायची. चोरीचा माल खपवणाऱ्या टोळ्यांना आवर घालणं हे त्यामागचं एक कारण होतं.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. कुठून घेतला? कधी? ड्रॉमध्ये (कंपनीच्या किंवा दुकानाच्या सोडतीत) लागला की रांगेत उभं राहून? बिल किंवा ऑर्डरची मेल आहे का? प्रामाणिक माणूस याची उत्तरं सहज देतो, बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त. स्नीकरवेड्यांना आपला जोड कसा मिळाला हे सांगायला आवडतंच. ज्याला काही आठवत नाही, ‘मित्राचा आहे’ म्हणतो आणि मित्राशी बोलणं करून देत नाही, किंवा लगेच ‘घ्यायचं तर घ्या’वर येतो, त्याला सोडा.

बिलाबद्दल एक इशारा. बिलाचा स्क्रीनशॉट बनवणं पोरखेळ आहे, आणि कोरी बिलं छापून विकणारेही आहेत. म्हणून चित्र मागू नका. समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर मेल उघडून दाखवायला सांगा, नाव-पत्ता झाकला तरी चालेल. तारीख विक्रीच्या दिवसाशी, माप जोडाशी आणि मॉडेलचा कोड खोक्यावरच्या लेबलशी जुळतो का ते बघा. बिल नसणं हा चोरीचा पुरावा नाही. कित्येकजण ते ठेवत नाहीत. पण बिल नाही, कहाणी नाही आणि घाई आहे, असं तिन्ही एकत्र आलं तर थांबा.

पायरी ४: फोटो आणि खोकं

कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो कागद बुटाशेजारी ठेवून फोटो मागा. दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले फोटो इथेच उघडे पडतात. मग बुटाच्या जिभेआड किंवा आतल्या बाजूला असलेल्या टॅगचा आणि खोक्यावरच्या लेबलचा जवळून फोटो मागा. दोन्हीवर मॉडेलचा कोड असतो. नायकीच्या कोडमध्ये आधी सहा अक्षरं किंवा आकडे, मग आडवी रेघ, मग रंग सांगणारे तीन आकडे असतात. हा कोड आणि माप दोन्हीकडे एकच हवं. नसेल तर खोकं दुसऱ्या जोडाचं आहे.

चोरीच्या दृष्टीने बघायच्या खुणा वेगळ्या. लेबल फाडलेलं, खरवडलेलं किंवा त्यावर काळी शाई फिरवलेली. दुकानाचा स्टिकर ओढून काढल्याचा डाग. चोरीविरोधी टॅग अजून लटकलेला किंवा तो उपटल्याचं ताजं भोक. कोरा करकरीत जोड आणि खोकं मात्र नाही. आणि एकच बूट, किंवा दोन बूट पण मापं वेगवेगळी: दुकानं बहुतेकदा दर्शनी मांडणीत जोडातला एकच बूट ठेवतात, तो चोरून उपयोग होऊ नये याचसाठी. पेरूतल्या चोरांनी नेमकी तीच मांडणी साफ केली असणार.

जाता जाता जुन्या जोडांबद्दल, चोरीशी संबंध नसला तरी. पॉलियुरेथेनचा मधला सोल न वापरताही वर्षागणिक हवेतल्या ओलाव्याने कुजतो. पंधरा-वीस वर्षं खोक्यात बंद असलेला जोड पहिल्याच दिवशी पायाखाली चुरा होऊ शकतो. घालायला हवा असेल तर असा घेऊ नका.

पायरी ५: मध्यस्थ बाजारपेठ काय तपासते, काय नाही

स्टॉकएक्स, गोट यांसारख्या बाजारपेठांत जोड आधी सहसा त्यांच्या केंद्रात जातो, तपासला जातो, मग तुमच्याकडे येतो. ईबेवरही २०२० पासून महागड्या स्नीकर्ससाठी अशी सोय आहे. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कमिशन जास्त पडलं तरी. तुमचे पैसे थेट अनोळखी माणसाच्या हातात जात नाहीत, आणि विक्रेत्याला पैसे घेण्यासाठी आपलं खातं जोडावं लागतं.

पण ‘तपासला’ या शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्या. तपासणारा बूट अस्सल आहे का आणि सांगितल्याप्रमाणे नवा आहे का एवढंच बघतो. मालकी तपासायचं साधनच त्याच्याकडे नाही. अस्सलपणातही चूक होते. नायकीने स्टॉकएक्सवर भरलेल्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ३७ नकली जोडांच्या विक्रीसाठी स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. त्याआधी २०२२ मध्येच स्टॉकएक्सने आपल्या टॅगवरचा ‘व्हेरिफाइड ऑथेंटिक’ हा मजकूर बदलून नुसतं ‘स्टॉकएक्स व्हेरिफाइड’ केलं होतं.

आणि आगाऊ पैसे भरून ‘बूट आला की देतो’ या सौद्यांपासून लांब राहा. अमेरिकेतल्या ओरेगनमधली झादे किक्स ही रीसेल कंपनी याचं सर्वात मोठं उदाहरण. २०२२ मधल्या सरकारी आरोपपत्रानुसार एअर जॉर्डन ११ कूल ग्रे या एका मॉडेलच्या ६ लाखांहून अधिक जोडांचे आगाऊ पैसे तिने घेतले, ७ कोटी डॉलरच्या वर, आणि प्रत्यक्षात मिळवले ६ हजारांहून थोडे जास्त जोड.

पायरी ६: पैसे

ज्या मार्गाने तक्रार करून पैसे परत मागता येतात त्याच मार्गाने द्या. पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही. फी वाचते म्हणून विक्रेता तसं सुचवतो आणि तुमचं संरक्षण जातं. क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, तिसऱ्याच कुणाच्या खात्यात पैसे: नाही. पार्सल आल्यावर न कापता एकसलग व्हिडिओ काढत उघडा, आधी पत्त्याची चिठ्ठी दाखवून. वाटेत बूट काढून खोक्यात भलतंच भरलं गेलं असेल तर हाच पुरावा.

पायरी ७: समोरासमोर भेटायचं असेल तर

इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १५ वर्षांच्या एका मुलाचा एअर जॉर्डनच्या जोडापायी खून झाला, आणि बुटांसाठी लुबाडणं तेव्हापासून थांबलेलं नाही. घेणाऱ्याला रोख पैशांसाठी लुटतात, विकणाऱ्याला बुटांसाठी.

भेट दिवसा, कॅमेरे आणि माणसं असलेल्या ठिकाणी. बँकेचा दर्शनी भाग चांगला, पोलीस ठाण्याचं आवार त्याहून चांगलं, आणि काही शहरांत पोलिसांनी अशा सौद्यांसाठी जागाच नेमून दिल्या आहेत. विक्रेत्याने पोलीस ठाण्याला नाही म्हटलं तर उत्तर मिळालं. ऐनवेळी जागा बदलली तर जाऊ नका. कुणाच्या घरी किंवा गाडीत बसू नका. सोबत कुणीतरी असू द्या.

तुम्ही विकत असाल तर ठरलेला एकच जोड न्या. ‘घालून बघतो’ म्हणणाऱ्याला एकच बूट द्या, दुसरा तुमच्या हातात ठेवा. दोन्ही बूट घालून पळून जाणं ही या धंद्यातली सर्वात जुनी चोरी. पैसे आल्याचा समोरच्याचा स्क्रीनशॉट मानू नका, स्वतःच्या खात्यात जमा दिसल्यावरच दुसरा बूट सोडा. आणि कुणी धाक दाखवलाच तर बूट देऊन टाका. हुज्जत नको, पाठलाग नको.

स्वतःचे जोड सांभाळताना

बुटाला स्वतःचा क्रमांक नसतो, म्हणून तो तुम्ही तयार करायचा. प्रत्येक महागड्या जोडाचे दहाएक फोटो काढून ठेवा: टॅग, लेबल, तळवे, आणि मुख्य म्हणजे त्या जोडालाच असलेल्या खुणा. गोंदाचा ओघळ, वाकडी शिलाई, चामड्यावरची सुरकुती. कारखान्यातून निघालेल्या दोन जोडांतही असे फरक असतात आणि वापरल्यावर ते वाढतात. इनसोलखाली (बुटातल्या सुट्या तळव्याखाली) अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या शाईने बारीक खूण केलीत तर उत्तम. बिलं एका फोल्डरमध्ये टाका.

भिंतभर खोक्यांचे फोटो टाकायची हौस समजू शकतो, पण खिडकीबाहेरचं दृश्य, इमारतीचं नाव आणि पार्सलवरचा पत्ता त्यात दिसू देऊ नका. बाहेरगावाहून ‘आठवडाभर इथेच’ असं लिहिणं म्हणजे घर रिकामं असल्याची जाहिरात. पार्सल दारात पडू न देता उचल-केंद्रावर मागवा. घराचा विमा असेल तर अटी वाचा: एका वस्तूमागे किंवा संग्रहामागे मर्यादा असते, आणि महागड्या वस्तूंची यादी आधी दिली नसेल तर दावा अडतो. बूट विकणाऱ्या अॅपमधलं तुमचं खातंही मालमत्ताच आहे. तिथे कार्ड साठवलेलं असतं, म्हणून वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी हवीच.

चोरीला गेले तर

पोलिसांकडे ‘पांढरे-लाल बूट’ अशी तक्रार देऊ नका. मॉडेलचं नाव, कोड, माप, खरेदीची तारीख, फोटो, खुणा, सगळं लेखी द्या आणि तक्रारीची प्रत घ्या. विम्याला ती लागते, बाजारपेठेला जाहिरात खाली घ्यायला सांगतानाही लागते. मग तुमच्या मापाचा तो जोड रीसेलच्या जागांवर शोधत राहा. चोराला माल लवकर खपवायचा असतो. दिसला तर जाहिरातीचा, खात्याचा आणि फोटोंचा स्क्रीनशॉट आधी घ्या, मग पोलिसांना कळवा. ग्राहक बनून एकट्याने भेटायला जाणं टाळा. वरची पायरी ७ पुन्हा वाचा.

आणि तुम्हीच घेतलेला जोड चोरीचा निघाला तर? चोरीचा माल जाणूनबुजून घेणं, बाळगणं किंवा विकणं हा बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अनेक कायद्यांत ‘संशय यायला पुरेसं कारण होतं’ एवढंही पुरतं. मालकीचं म्हणाल तर इंग्रजी परंपरेच्या कायद्यात चोराकडे मालकीच नसल्याने ती तुम्हाला मिळत नाही, तुम्ही पूर्ण किंमत मोजली असली तरी. काही देश अजाण खरेदीदाराला थोडं जास्त संरक्षण देतात. पण कळल्यानंतर तो जोड पुढे विकून मोकळं होणं कुठेच सुरक्षित नाही, कारण आता तुम्हाला माहीत आहे. जोड घालू नका, जाहिरात, संभाषण आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा, बाजारपेठेकडे आणि पैसे देण्याच्या सेवेकडे मुदतीत तक्रार करा, आणि पोलिसांनी जोड ताब्यात घेतला तर कोड आणि माप लिहिलेली पोच मागून घ्या. ती नसेल तर परताव्याचा दावा बहुधा तिथेच अडतो.